एक चाती जास्त झाली तर?

कॉटन ग्रीनच्या आमच्या घरात, काचेच्या कपाटात, एक लोखंडी चाती आहे. वीतभराहून थोडी मोठी, मधे किंचित फुगीर, टोकाला निमुळती, हात लागून लागून काळी गुळगुळीत झालेली. आप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीत त्रासन खात्यात होते. त्रासन म्हणजे सूत कातायचं खातं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आप्पांसाठी तो कधी संपलाच नाही. त्याच्या थोडं आधी फिटरने बाद म्हणून काढलेली ही चाती त्यांनी मागून घरी आणली होती.

मी काळाचौकीतल्या मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. पेशीविभाजनाचा धडा आला की ती चाती पिशवीत घालून वर्गात नेते. असं का करते आणि प्रत्येक शाळेत हे का व्हावं असं मला वाटतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

२०१० च्या पावसाळ्यात माझ्या बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग निघाला. चिपळूणहून ती दोघं आमच्याकडे आली. परळचं टाटा रुग्णालय आमच्या घरापासून जवळ, त्यामुळे पुढची अडीच वर्षं आमचं घर हेच त्यांचं घर झालं. तपासणीला बहुतेक वेळा आप्पाच त्याला घेऊन जायचे. चौऱ्याहत्तरीतही बसच्या रांगेत नातवाला कडेवर घेऊन उभे राहायचे. एका औषधानंतर त्या पोराचे पाय जड पडायचे, जबडा दुखायचा. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आप्पांना बाकावर बसवून समजावलं. औषधाचं नाव व्हिन्क्रिस्टीन. ते सदाफुलीच्या झाडातून मिळतं, तीच आपल्या गॅलरीतल्या डब्यात फुलणारी सदाफुली. पेशी दुभंगताना तिच्यात धाग्यांची एक चाती तयार होते, हे औषध ते धागे जुळूच देत नाही, त्यामुळे वेडीवाकडी वाढणारी पेशी दुभंगू शकत नाही. तसेच धागे नसांमध्येही असतात, म्हणून पायांना त्रास होतो.

बाईंनी ‘स्पिंडल’ हा शब्द वापरला होता. आप्पांना तो चांगला ठाऊक होता. सगळी हयात त्यांनी स्पिंडलांच्या रांगांपुढे उभं राहून काढली होती. त्यांनी शांतपणे विचारलं, “चाती मोडली तर तार तुटते, ते आम्हाला ठावं आहे. पण एक चाती जास्त झाली तर?”

डॉक्टरीणबाई क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “आजोबा, कर्करोगाच्या पुष्कळ पेशींत नेमकं तेच होतं.”

मी तेव्हा विज्ञान शिकवायला लागून अठरा वर्षं झाली होती. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, वर्गात कुणी विचारलाही नव्हता. कारण आमच्या धड्यात त्याला जागाच नाही. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात सूत्री विभाजन येतं. त्यात तारकाकेंद्राचं द्विगुणन होतं, दोन तारकाकेंद्रं दोन टोकांना जातात, मधे ‘तुर्कतंतू’ तयार होतात आणि गुणसूत्रं दोन्हीकडे ओढली जातात. चार अवस्था, चार आकृत्या, नावं द्या, गुण घ्या.

त्या ‘तुर्कतंतू’ शब्दापाशी मला दर वर्षी थांबावं लागतं. मुलांना तुर्क म्हटल्यावर इतिहासाचं पुस्तक आठवतं. संस्कृतात तर्कु म्हणजे चाती, सूत कातायचं साधन. हिंदीतला तकला त्याच घराण्यातला, आपली टकळीही तिथलीच वाटते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या लोकांनी सूक्ष्मदर्शकात दुभंगणारी पेशी पाहिली, त्यांना धाग्यांचा तो आकार सूत गुंडाळलेल्या चातीसारखा दिसला आणि त्यांनी तेच नाव दिलं. म्हणजे हा शब्द गिरणीतला आहे, चरख्याचा आहे. ज्या मुलांचे आजोबा चात्यांच्या रांगांत उभे राहिले, त्यांच्याच नातवंडांपुढे तो असा ठेवलाय की त्याचा अर्थ त्यांना कळू नये. याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी अडचण कांद्याची. पेशीविभाजन दाखवायला शाळेत कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी वापरतात. मुलं डोळा लावून बघतात, गुणसूत्रांच्या गाठी त्यांना दिसतात, आणि मग वहीत आकृती काढताना दोन टोकांना दोन ठसठशीत तारकाकेंद्रं काढतात. तारकाकेंद्र इतकं लहान की मिलिमीटरचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे त्याची लांबी. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून ते नीट दिसणं शक्यच नाही. आणि कांद्यात तर ते नसतंच. सपुष्प वनस्पतींच्या पेशींत तारकाकेंद्र नसतं, त्यांची चाती त्याच्याशिवाय उभी राहते. ज्या कापसाच्या गासड्यांवरून आमच्या स्टेशनाला नाव पडलं, त्या कपाशीलाही तारकाकेंद्र नाही. कापसाचा एकेक तंतू म्हणजे बियाच्या सालीवरची एकच पेशी, दुभंगणं सोडून नुसती लांब लांब वाढलेली. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं शर्टाच्या बाहीकडे बघतात.

जे नाही ते ‘बघून’ काढायला आपण मुलांना शिकवतो आणि ती निमूट काढतात. माझी खरी तक्रार ही आहे.

आप्पांच्या प्रश्नानंतर मी वाचायला लागले. आमच्या पुस्तकात दोन शब्दांत उरकलेलं द्विगुणन काय चीज आहे, ते हळूहळू कळत गेलं. जमेल तसं सांगते.

नुकत्याच जन्मलेल्या पेशीत दोन तारकाकेंद्रं असतात, एक जुनं, एक नवं, आई आणि लेक. प्रत्येक तारकाकेंद्र म्हणजे एक आखूड नळी, तिची भिंत नऊ जुडग्यांची, प्रत्येक जुडग्यात तीन सूक्ष्म नळ्या. भोवती प्रथिनांचा दाट थर असतो, त्या थरातून चातीचे धागे फुटतात. हे सगळं मिळून सेंट्रोसोम. पेशी आपल्या डीएनएची नक्कल करायला लागते, त्याच सुमारास प्रत्येक तारकाकेंद्राच्या कुशीला काटकोनात एक नवं तारकाकेंद्र उगवतं. एकच. दोनाचे चार होतात, पेशी दुभंगली की दोन इकडे, दोन तिकडे.

एकच का? आईच्या गोल भिंतीवर सगळीकडे जागा मोकळी असते, तिथे पाच-सहा लेकी उगवायला हरकत काय? इथे पीएलके-४ नावाचं प्रथिन कामाला येतं. ते आधी आईभोवती कड्यासारखं पसरतं, मग आक्रसत एका ठिपक्यावर येतं आणि लेक त्या ठिपक्यावरच उगवते. स्टिल आणि सास-६ ही दोन प्रथिनं तिथे जमतात. सास-६ चे रेणू जोडीजोडीने येऊन नऊ आऱ्यांचं चाक रचतात आणि त्या चाकावर नऊ जुडगी उभी राहतात. सीपॅप नावाचं प्रथिन नळीची उंची ठरवण्यात हातभार लावतं. पीएलके-४ ची एक सवय तर मला फार विलक्षण वाटते. त्याचे रेणू एकमेकांजवळ जमले की ते एकमेकांवर मोडीत काढण्याची खूण करतात आणि पेशी त्यांना मोडीत काढते. त्यामुळे ते कधी फार साठतच नाही. कृत्रिमरीत्या ते वाढवलं तर एका आईभोवती फुलाच्या पाकळ्यांसारख्या अनेक लेकी उगवतात. हे २००५ नंतरच्या काही वर्षांत प्रयोगशाळांतून उलगडत गेलं.

दुसरा लगाम असा की लेक जोवर आईला चिकटलेली आहे तोवर आईला दुसरी लेक होत नाही. गुणसूत्रांच्या जुळ्या जोड्यांना बांधून ठेवणारा बंध पेशी विभाजनाच्या वेळी सेपरेज नावाच्या प्रथिनाने कापते. तीच कात्री आई-लेकीलाही मोकळं करायला मदत करते. मोकळीक मिळाली की पुढच्या फेरीची परवानगी मिळाली. गुणसूत्रांची वाटणी आणि तारकाकेंद्रांची मोजणी अशी एकाच घटनेला बांधलेली आहे.

आता आप्पांचा प्रश्न. चाती जास्त झाली तर? पेशीत दोनाऐवजी तीन-चार सेंट्रोसोम झाले तर गुणसूत्रं तीन-चार बाजूंना ओढली जातात. वाटणी बिघडते आणि अशा बहुतेक लेकपेशी मरतात. कर्करोगाच्या पेशी मात्र या जादा सेंट्रोसोमांची मोळी बांधतात, दोन ढीग करतात आणि दोनच टोकांची चाती उभी करून निभावून नेतात. त्या गडबडीत एखादं गुणसूत्र दोन्ही बाजूंनी धरलं जातं, मागे राहतं, भलत्या घरात जातं. पेशी मरत नाही, पिढीगणिक बिघडत जाते.

गुणसूत्रांच्या अशा चुकलेल्या वाटणीतून कर्करोग होत असावा, असं जर्मनीतल्या थिओडोर बोव्हेरी यांनी शंभर वर्षांपूर्वी म्हटलं होतं. सेंट्रोसोम हे नाव त्यांनी १८८८ मध्ये दिलं. समुद्रातल्या सी-अर्चिन या काटेरी जिवाच्या अंड्यात एकाऐवजी दोन शुक्रपेशी शिरल्या तर चातीला चार टोकं येतात आणि गर्भ बिघडतो, हे त्यांनी पाहिलं. १९१४ च्या पुस्तकात त्यांनी कर्करोगाच्या गाठींचं मूळ गुणसूत्रांच्या अशा चुकलेल्या वाटणीत शोधलं. पुढच्याच वर्षी ते गेले. नंतर त्यांच्या पत्नी मार्सेला यांनी ते पुस्तक इंग्रजीत आणलं. काटेरी जिवाच्या अंड्यात डोकावणाऱ्या माणसाला त्या काळी कुणी विचारलं असतं की याचा उपयोग काय, तर त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं.

शुक्रपेशीचं निघालं म्हणून. माणसाच्या अंड्यात तारकाकेंद्र उरत नाही, ते शुक्रपेशीबरोबर येतं. म्हणजे माझ्या प्रत्येक पेशीतल्या तारकाकेंद्रांची वंशावळ मागे मागे नेली तर ती आप्पांपाशी पोचते.

आणि हा विषय जर्मनीपुरता नाही, हे सांगणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला सुरू झालं. १९५२ मध्ये त्याच्या शेजारी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे संस्थापक संचालक. रोग बरे करायचे तर पेशी समजली पाहिजे आणि ती रुग्णालयाच्या शेजारीच समजली पाहिजे, असं त्या इमारतीमागचं धोरण मला दिसतं. पुण्याच्या समर्थांच्या घरात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी केली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याचं तंत्र आत्मसात केलं आणि परत येऊन या केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातली ती पहिली मानली जाते. बाहेर गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा आत, भोंग्याच्या अंतरावर, पेशी दुभंगत होत्या. माझ्या वडिलांची पाळी आणि कमलताईंच्या पेशींची पाळी एकाच वस्तीत चालली होती, आणि आम्हाला शाळेत त्यांचं नावही कुणी सांगितलं नाही.

ती संस्था २००२ मध्ये खारघरला गेली, आता तिला अ‍ॅक्ट्रेक म्हणतात. तिथल्या सोराब दलाल यांच्या गटाने २०१६ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. १४-३-३ गॅमा असं आकड्यांचं नाव असलेलं एक प्रथिन पेशीतून कमी केलं तर तारकाकेंद्रांची नक्कल अवेळी सुरू होते आणि सेंट्रोसोम जास्त होतात, असं त्यांनी दाखवलं. हे प्रथिन विभाजनाची घाई करणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाला धरून ठेवतं. पकड सुटली की एनपीएम-१ नावाचा राखणदार जागेवरून उठतो आणि नक्कल सुरू होते. पवईच्या आयआयटीत दुलाल पांडा यांच्या गटाने २००५ मध्ये गजकर्णावर दिल्या जाणाऱ्या ग्रिसिओफुल्व्हिनचा कर्करोगाच्या पेशींतल्या चातीच्या धाग्यांवर काय परिणाम होतो, ते तपासलं. दोन वर्षांनी जर्मनीतल्या एका गटाला त्याच औषधामुळे जादा सेंट्रोसोमांची मोळी सुटते असं दिसलं. मोळी सुटली की कर्करोगाची पेशी अनेक टोकांनी ओढली जाऊन मरते. तारकाकेंद्रं जुळूच न देणारी, पीएलके-४ ला अडवणारी औषधंही तपासली जात आहेत. त्यांतून किती हाती लागेल ते काळ ठरवेल. पण आप्पांच्या प्रश्नाचा पाठलाग आमच्याच हार्बर लाइनवर, खारघरला, चालू आहे.

मग दहावीच्या मुलाला हे का कळू नये?

सहकारी शिक्षक म्हणतात, अभ्यासक्रम आधीच जड आहे, पीएलके-४ आणि सास-६ कॉलेजात शिकतील. मान्य. ती नावं पाठ करायला लावली तर मीच विरोध करीन. माझी मागणी नावांची नाही. धड्यात एक प्रश्न हवा: तारकाकेंद्र एकदाच का दुणावतं, आणि जास्त वेळा दुणावलं तर काय होईल? त्याला गुण नकोत. उत्तर पुस्तकात नको. मुलांनी घरी जाऊन विचार करावा, तर्क लढवावेत, चुकावेत. आप्पांचं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांना हा प्रश्न पडला, कारण चाती त्यांच्या हाताला माहीत होती. आमच्या मुलांच्या हाताला तो शब्द लागू दिला तर त्यांनाही पडेल.

कुणी म्हणतं, पुढे सगळं इंग्रजीतच शिकायचं तर मराठी शब्दाचा एवढा हट्ट कशाला? माझा अनुभव उलटा आहे. चाती हातात घेतलेल्या मुलाला ‘स्पिंडल’ शब्द पाठ करावा लागत नाही. त्याला कळतं की टोकं दोनच का लागतात, धागा ताणात का असावा लागतो. ‘तुर्कतंतू’ पाठ केलेल्याला यातलं काहीच कळत नाही, ना मराठीत ना इंग्रजीत.

आणि रुग्णालयाच्या रांगेतल्या माणसासाठीही हे मी मागते. परळला टाटाच्या बाहेर फुटपाथवर बिऱ्हाड मांडून बसलेली कुटुंबं आम्ही रोज पाहतो. केस का गळतात, पाय का जड पडतात, तोंड का येतं, हे त्यांतल्या किती जणांना कुणी सांगितलेलं असतं? वेगाने दुभंगणाऱ्या पेशींवर औषध काम करतं, केसांच्या मुळाशी आणि तोंडाच्या आत तशाच पेशी असतात, इतकं जरी दहावीत नीट कळलेलं असेल तरी भीती निम्मी होते. आमच्या घरात ती झाली. त्या डॉक्टरीणबाईंनी आप्पांना चातीची भाषा दिली म्हणून झाली. त्यानंतर आप्पा शेजारच्या बाकावरच्या माणसांना तेच समजावून सांगायचे, बोटांनी धागा ओढून दाखवायचे.

तर बालभारतीच्या विज्ञान समितीला माझी विनंती आहे. पुढच्या आवृत्तीत ‘तुर्कतंतू’ काढून ‘तर्कुतंतू’ करा आणि खाली एक ओळ छापा की तर्कु म्हणजे चाती. कांद्याच्या पेशीची आणि प्राण्याच्या पेशीची आकृती शेजारी-शेजारी द्या, एकीत तारकाकेंद्र नसलेलं दाखवा. कमल रणदिवे यांचं नाव याच धड्यात येऊ द्या, महिला शास्त्रज्ञांच्या यादीत वेगळं नको.

दुसरी विनंती महापालिकेला. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरलेलं आहे. त्यात यंत्रं येतील, संपाचे फोटो येतील, यायलाच हवेत. तिथेच एका कोपऱ्यात दुभंगणाऱ्या पेशीची हंड्याएवढी मोठी प्रतिकृती ठेवा, रंगीत सुताची, दोन टोकांची चाती दाखवणारी, आणि तिच्याशेजारी तीन टोकांची. गिरणगावातल्या प्रत्येक शाळेची मुलं तिथे चालत येऊ शकतील.

भाचा आता बावीस वर्षांचा आहे आणि चिपळूणला विजेची कामं करतो. आप्पा २०१६ च्या दिवाळीत गेले. त्यांची चाती मी संग्रहालयाला द्यायला तयार आहे. ती प्रतिकृतीच्या शेजारी, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर, काचेबाहेर ठेवावी, एवढीच माझी अट आहे.